हे कुठल्या सालचं?

मार्चमधला रविवार. जेवून नुकताच आडवा झालो होतो, तेवढ्यात अनोळखी नंबरवरून निरोप आला. 'सर नमस्कार. तुमच्या पुस्तकातला पान १४ वरचा प्रोग्राम चालत नाहीये. चार दिवस झाले, सगळं तपासलं. माझं काय चुकतंय?' सोबत मोबाइलने काढलेला लॅपटॉपच्या पडद्याचा फोटो. काचेवर ट्यूबलाइटची तिरीप पडलेली आणि तिच्याखाली पीएचपीची, म्हणजे वेबसाइट बनवायच्या भाषेची, तक्रार: 'मायएसक्यूएल कनेक्ट' नावाचं फंक्शन (तयार हुकूम) मला ठाऊक नाही.

मी पुस्तक लिहिलेलं नाही. मग हा कुठल्या पुस्तकाबद्दल बोलतोय? जरा डोकं खाजवल्यावर आठवलं. २००९ साली पीएचपी शिकवणारी ३८ पानांची एक वही मी मराठीत लिहिली होती आणि पीडीएफ करून नेटवर ठेवून दिली होती. ज्याला हवी त्याने उतरवून घ्यावी, पैसे नाहीत, नोंदणी नाही. शेवटच्या पानावर मोठ्या हौसेने छापलं होतं, 'अडलं तर फोन करा.' नंबर अजून तोच आहे.

मुलाचं काहीच चुकत नव्हतं. चूक माझ्या वहीत होती, आणि गंमत म्हणजे मी लिहिली तेव्हा ती चूक नव्हती.

त्याला लगेच उत्तर दिलं नाही. लाज वाटली हे एक कारण. दुसरं असं की हीच फसगत माझी स्वतःची झाली होती, आणि ती मी इतका साफ विसरलो होतो की वही लिहिताना तिची आठवणही झाली नव्हती.

२००६ चा पावसाळा. मी विट्यात, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. घरी हप्त्यावर घेतलेला, असेंबल केलेला कॉम्प्युटर. त्यावर विंडोज एक्सपी, टॅली आणि धाकट्या भावाचा मोटारींचा गेम. इंटरनेट नाही. गल्लीत दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट चालायचा. तो एकदम थांबला की लाइट गेली हे वेगळं सांगावं लागत नसे. माझाही पडदा त्याच क्षणी काळा झालेला असायचा. लोडशेडिंगचे दिवस होते. दर पाच मिनिटांनी सेव्ह करायची जी सवय तेव्हा हाताला लागली ती आजही सुटलेली नाही.

पीएचपीच का, याचं उत्तर मोठं नाही. मॅगझिनबरोबर आलेल्या एका सीडीत एक्झॅम्प होतं. पानं पाठवणारा सर्व्हर अपाची, माहिती साठवणारा डेटाबेस मायएसक्यूएल, आणि पीएचपी व पर्ल या दोन भाषा, चौघे एकाच पुडीत. नेट नसलेल्या कॉम्प्युटरवरही वेबसाइट चालवून बघता येते, हा शोध मला त्या सीडीने लावून दिला. ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट' टाइप केलं आणि पान उघडलं. बाहेर पाऊस, घरात नेट नाही, आणि माझ्या स्वतःच्या कॉम्प्युटरने मलाच वेबसाइट पाठवली. आईला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, 'बरं, जेवायला ये.'

पण शिकायचं कशावरून? विट्याच्या पुस्तकांच्या दुकानात दहावीची गाइडं आणि टॅलीचं एक पुस्तक. सायबर कॅफेत तासाला २० रुपये. सांगलीला मात्र मावसभाऊ होता. त्याच्याकडे बीएसएनएलचं ब्रॉडबँड होतं, आणि त्या योजनेत रात्री दोन ते सकाळी आठ काहीही आणि कितीही उतरवलं तरी मीटर पडत नसे. दिवसा मात्र एमबी-एमबीचा हिशेब. त्यामुळे सांगलीत त्या काळी एक वेगळीच निशाचर जमात तयार झाली होती. दोनचा गजर लावायचा, डोळे चोळत उठायचं, डाउनलोडला लावायचं आणि परत झोपायचं. वेग सेकंदाला जेमतेम ३० केबी. मी शनिवारच्या एसटीने जायचो, खिशात ५१२ एमबीचा पेन ड्राइव्ह. रविवारी संध्याकाळी तो भरून परत.

'फुकट ते पौष्टिक' म्हणतात. चार-पाच फेऱ्यांत माझ्या कॉम्प्युटरवर 'शिकायचंय' नावाच्या फोल्डरमध्ये ४३ फायली जमल्या. ई-पुस्तकं, '२४ तासांत शिका' छापाची आणि 'संपूर्ण' छापाची. कुणा प्राध्यापकांच्या नोट्स. तिरक्या स्कॅन केलेल्या हजार पानी पोथ्या, ज्यांच्या समासात स्कॅन करणाऱ्याचा अंगठा दिसायचा. त्यांतल्या कितीतरी चोरीच्या होत्या हे तेव्हा कळत नव्हतं असं म्हटलं तर खोटं होईल. कळत होतं, पण बोचत नव्हतं.

त्याच ढिगात पीएचपीची स्वतःची नियमपुस्तिका होती, सगळे तिला मॅन्युअल म्हणतात तीच. पीएचपीच्या साइटवरून ती फुकट उतरवता यायची आणि तीही अनेक रूपांत. प्रत्येक पानाची वेगळी फाइल, सगळं एकाच लांबलचक फाइलीत, किंवा विंडोजच्या 'हेल्प'सारखी सीएचएम फाइल. सीएचएममध्येही दोन प्रकार: साधी, आणि जगभरच्या लोकांनी प्रत्येक पानाखाली लिहून ठेवलेल्या टिपांसकट. मी टिपांची घेतली. फुकटात जड ते चांगलं, एवढाच हिशेब.

ती मावसभावाच्या कॉम्प्युटरवर उघडेना. डावीकडे अनुक्रमणिका नीट दिसायची, पण उजवीकडचं पान पांढरं, 'दाखवता येत नाही' एवढाच निरोप. फाइल खराब उतरली म्हणून पुन्हा दोन वाजता उठलो, पुन्हा उतरवली, पुन्हा तेच. वैतागून तशीच पेन ड्राइव्हवर टाकली आणि विट्यात उघडली, तर लख्ख! मला वाटलं माझाच कॉम्प्युटर भारी. कारण फार उशिरा कळलं. इंटरनेटवरून आलेल्या फायलीला विंडोज एक अदृश्य शिक्का मारतं आणि असा शिक्का असलेली सीएचएम उघडून दाखवायला नाखूश असतं. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'अनब्लॉक' दाबलं की काम होतं. पण पेन ड्राइव्हची जुनी मांडणी तो शिक्का बाळगूच शकत नाही. एसटीच्या प्रवासात तो आपोआप गळून पडला होता.

तर मॅन्युअल होती, पण मी ती वाचत नव्हतो. रुक्ष वाटायची. ज्याला आधीच सगळं येतं त्याच्यासाठी लिहिल्यासारखी. त्याऐवजी मी धरलं होतं एक तीनशे पानी ई-पुस्तक. भाषा गोड, विनोद बरे, प्रत्येक धड्याला चित्र. चौथ्या धड्यात फॉर्म: नाव टाइप करा, बटन दाबा, पुढच्या पानावर 'नमस्कार, अमुक' असं दिसेल. मी बटन दाबलं. 'नमस्कार,' एवढंच दिसलं. स्वल्पविरामाच्या पुढे काही नाही.

पंधरा दिवस. अक्षरशः पंधरा दिवस मी तो स्वल्पविराम बघत होतो. पुस्तकातली ओळ आणि माझी ओळ पट्टी लावून ताडून पाहिली. एक्झॅम्प काढून पुन्हा टाकलं. कॅफेवाल्याला विचारलं, त्याने कॉम्प्युटर फॉरमॅट मारायला सांगितलं. तो सगळ्यांनाच तेच सांगायचा.

शेवटी लाइट गेलेल्या एका दुपारनंतर, ती आल्यावर, नाइलाज म्हणून मॅन्युअल उघडली आणि सुरक्षिततेच्या प्रकरणात 'रजिस्टर ग्लोबल्स'चं पान सापडलं. पूर्वी असं होतं की फॉर्ममध्ये 'नाव' नावाचा रकाना असला की पलीकडच्या पानावर 'नाव' हा व्हेरिएबल, म्हणजे माहिती ठेवायचा नाव दिलेला डबा, आपोआप जन्माला यायचा. सोयीचं होतं, पण घराला कडी न लावण्यासारखं. बाहेरचा कुणीही पत्त्याच्या पट्टीत 'अॅडमिन बरोबर एक' असं जोडायचा आणि आत तुमच्या नकळत तसा व्हेरिएबल तयार व्हायचा. म्हणून एप्रिल २००२ मध्ये आलेल्या ४.२.० या आवृत्तीपासून ही सोय मुळातच बंद ठेवायला सुरुवात झाली. माझं गोड पुस्तक त्याआधीचं होतं. त्यातली एकही ओळ चुकीची नव्हती, फक्त ती ज्या पीएचपीबद्दल बोलत होती ती चार वर्षांपूर्वी बदललेली होती, आणि स्कॅन करणाऱ्याने प्रकाशनवर्षाचं पान सोडून दिलं होतं.

मॅन्युअल मला तिथून वाचता यायला लागली. एक साधी गोष्ट आधी दिसतच नव्हती ती दिसायला लागली. प्रत्येक फंक्शनच्या नावाखाली कंसात बारीक अक्षरांत एक ओळ असायची: 'पीएचपी ३, पीएचपी ४, पीएचपी ५.' म्हणजे हे कधीपासून आहे, कुठपर्यंत चालतं. खाली 'बदल' म्हणून तक्ता: अमुक आवृत्तीत असं होतं, तमुकपासून असं झालं. टिपांनाही प्रत्येकी तारीख आणि वेळ. ४३ फायलींत स्वतःचं वय सांगणारी बहुधा ही एकटीच होती.

त्याच हिवाळ्यात पहिलं काम मिळालं. ओळखीतल्या एका अण्णांचं मंगल कार्यालय होतं. त्यांचा पुतण्या पुण्यात नोकरीला. त्याच्या डोक्यात आलं की कार्यालयाच्या मोकळ्या तारखा नेटवर दिसाव्यात. विट्याची माणसं गलाईच्या धंद्यानिमित्त देशभर पसरलेली, चेन्नई-कोलकात्यापासून कुठे कुठे सोनं-चांदी गाळतात, पण लग्नं गावाकडे येऊन करतात. त्यांना तिथून तारीख बघता आली तर बरं. मी हो म्हटलं, दीड हजार रुपयांत.

संक्रांतीच्या सुमारास अण्णांना घरी बोलावून दाखवलं. मुहूर्ताच्या तारखांची यादी, त्यांतल्या मोकळ्या हिरव्या, गेलेल्या लाल. अण्णांनी चष्मा चढवला, पडद्याजवळ गेले, बराच वेळ बघत राहिले.

'ह्या कुठल्या सालच्या तारखा?'

'अण्णा, भिंतीवरच्या कॅलेंडरातनं टाकल्यात, नमुन्यादाखल. दिवस तेवढे मागं-पुढं करायचे की—'

'मागं-पुढं? आरं बाबा, यंदा जेठ अधिक हाय. अर्धा मे गेला की महिनाभर लग्नच न्हाई. गेल्या सालचं पंचांग आन् रद्दी सारखीच.'

खरंच होतं. २००७ मध्ये मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत अधिक ज्येष्ठ होता, ऐन हंगामात. माझ्या यादीत त्याच दिवसांवर हिरवे ठिपके चमकत होते. पंचांग चुकीचं नसतं, ते त्याच्या वर्षापुरतं बरोबर असतं, म्हणून तर त्याच्या पहिल्या पानावर शक एवढ्या मोठ्या अक्षरांत छापतात. अण्णा हे जन्मभर जाणत होते. मला रजिस्टर ग्लोबल्सने पंधरा दिवस रडवूनही ते स्वतःच्या यादीला लावायचं सुचलं नव्हतं.

तारखा दुरुस्त केल्या, तर दुसरंच निघालं. यादीतली सगळ्यात पहिली तारीख, ती गेलेली असली तरी, कायम मोकळी दिसायची. अण्णांची खरी नोंद वहीत असल्यामुळे कुणाची दोन लग्नं एका मांडवात आली नाहीत, नाहीतर माझी धडगत नव्हती. मी मजकुरात मजकूर शोधणारं 'स्ट्रपॉस' हे फंक्शन वापरत होतो. मॅन्युअलमध्ये त्याला काय द्यायचं ते लिहिलेलं: 'हेस्टॅक' आणि 'नीडल'. हेस्टॅक म्हणजे काय ते डिक्शनरीत पाहिलं. कडब्याची गंजी निघाली. आमच्या मळ्यात दोन उभ्या होत्या, पण त्यांत कुणी सुई शोधल्याचं ऐकलं नव्हतं. तर हे फंक्शन गंजीत सुई कितव्या जागी आहे ते सांगतं, आणि मोजायला शून्यापासून सुरुवात करतं. सुई अगदी तोंडाशीच असेल तर उत्तर येतं शून्य. आणि मी विचारत होतो, 'सापडली का?' पीएचपीच्या लेखी शून्य म्हणजे 'नाही'. त्याच पानावर चौकटीत इशारा दिलेला होता: नुसतं बघू नका, तीन बरोबरची चिन्हं लावून तपासा, 'शून्य' वेगळं आणि 'नाही' वेगळं. मी चौकट ओलांडून थेट उदाहरणावर गेलो होतो. सगळे तेच करतात.

जाता जाता: यादीत शोधणाऱ्या दुसऱ्या एका फंक्शनमध्ये सुई आधी आणि गंजी नंतर द्यायची असते. वीस वर्षं होत आली तरी मी अजून दरवेळी उघडून बघतो. पीएचपीची नावं आणि क्रम असे वेडेवाकडे का, याला इतिहास आहे. ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रासमुस लेर्डोर्फने १९९४ मध्ये स्वतःच्या नेटवरच्या बायोडाटाला किती लोक भेट देतात ते मोजायला सी भाषेत काही छोटे प्रोग्राम लिहिले, आणि ८ जून १९९५ ला ते 'पर्सनल होम पेज टूल्स' म्हणून सगळ्यांना फुकट दिले. भाषा बनवायचा बेत नव्हताच. फंक्शनं शंभरच्या आत होती तेव्हा ती कप्प्यांत लावायची पद्धत नावाच्या लांबीवर होती. त्यामुळे नावं मुद्दाम लहान-मोठी ठेवली, असं त्याने पुढे स्वतःच सांगितलं. नंतर इस्रायलमधल्या झीव सुरास्की आणि अँडी गुटमन्स या दोन विद्यार्थ्यांनी गाभा नव्याने लिहिला आणि १९९८ मध्ये पीएचपी ३ आली. त्यांची खूण एका एररमध्ये राहून गेली. एका रात्री माझ्या पडद्यावर आलं, 'अनपेक्षित पामायिम नेकुदोतायिम.' मला वाटलं व्हायरस शिरला. ते हिब्रू निघालं. अर्थ, दोनदा दोन टिंबं. आपल्या विसर्गासारख्या दोन जोड्या शेजारी शेजारी.

आता मराठीचं दुखणं. अण्णांची साइट मराठीत हवी होती. एक्सपीत देवनागरी चालू करायला मूळ सीडी मागते, ती असेंबल करणाऱ्याकडून उसनी आणली. नोटपॅडमध्ये 'मंगल कार्यालय' असं युनिकोडमध्ये लिहिलं, सेव्ह करताना यूटीएफ-८ ही युनिकोड साठवायची पद्धत निवडली. घरी छान चाललं. सर्व्हरवर चढवलं आणि लॉगिनच्या पानावर एरर: 'हेडर आधीच गेलेत, सुरुवात ओळ एकवर.' हेडर म्हणजे पानाच्या मजकुराआधी ब्राउझरला पाठवायच्या सूचना. ओळ एकवर पीएचपी सुरू करायची खूण होती. तिच्याआधी रिकामी जागासुद्धा नाही. कर्सर नेऊन नेऊन बघितलं.

इथे टिपांनी वाचवलं. 'हेडर' फंक्शनच्या पानाखाली कुणा परक्याने लिहून ठेवलं होतं की नोटपॅड यूटीएफ-८ फायलीच्या अगदी सुरुवातीला तीन अदृश्य बाइट चिकटवतं. डोळ्यांना दिसत नाहीत, पण पीएचपीच्या दृष्टीने तो मजकूरच, आणि मजकूर एकदा निघाला की हेडर पाठवता येत नाही. बाइट-ऑर्डर मार्क, बॉम. इंग्रजीत लिहिणाऱ्याला यूटीएफ-८ निवडावंच लागत नसे, त्यामुळे त्याच्या वाटेला हा बॉम क्वचित यायचा. मराठीत लिहिणाऱ्याला तो पहिल्याच दिवशी भेटायचा. म्हणून तर माझ्या ४३ फायलींत याचा उल्लेख कुठेच नव्हता. टीप लिहिणारा बहुधा रशियन किंवा जपानी असावा, तोही अशाच रात्री जागलेला. नोटपॅड++ घ्या आणि बॉमशिवाय सेव्ह करा, एवढंच त्याने सांगितलं होतं. खाली ईमेल, 'अॅट' आणि 'डॉट' अक्षरांत लिहून, कचरा-मेल येऊ नये म्हणून. मी कधी आभार मानले नाहीत.

पुढचा धडा 'स्ट्रलेन'चा. मजकुराची लांबी मोजणारं फंक्शन. 'मराठी' शब्द दिला, उत्तर आलं १५. कुठलंही पोर सांगेल, म, रा, ठी, अक्षरं तीन. पण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, आणि काना-वेलांट्या वेगळं चिन्ह म्हणून मोजल्या जातात. म, र, काना, ठ, वेलांटी, पाच त्रिक पंधरा. बाइटऐवजी चिन्हं मोजणारं एमबी-स्ट्रलेन वापरलं तर पाच येतात. आपल्याला हवे ते तीन सांगणारं ग्राफीम-स्ट्रलेन २००९ मध्ये पीएचपी ५.३ बरोबर आलं. तोवर मी रकान्यात नाव मावत नाही म्हणून मधेच तोडायचो आणि 'कुलकर्णी'च्या शेपटीला प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन लटकायचा. मायएसक्यूएलने तर सगळ्या वधू-वरांची नावं प्रश्नचिन्हांत साठवली होती. ते प्रकरण दोन दिवसांत निस्तरलं, सांगण्यासारखं काही नाही.

हे सगळं मराठीत कुठेतरी लिहिलेलं असावं, या भावनेतून २००९ ची वही आली. मॅन्युअल फ्रेंच, जर्मन, जपानी, ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये आहे, मराठीत नाही. तिचं काम स्वयंसेवक करतात, ती क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अटींवर मोकळी आहे, नाव देऊन कुणीही वापरावी, बदलावी. फुकट आणि मोकळं यांत फरक आहे हे मला तिने शिकवलं. समासातल्या अंगठ्याची ती पुस्तकं फक्त फुकट होती. आणखी एक गोष्ट बऱ्याच उशिरा बघितली आणि जरा चरकलो. अनुवादाच्या प्रत्येक फायलीच्या डोक्यावर एक खूण असते: हे इंग्रजीच्या नेमक्या कुठल्या आवृत्तीवरून केलं. मूळ बदललं की हा अनुवाद मागे पडला हे त्यावरून कळतं. म्हणजे शिळं होणार हे त्यांनी धरूनच ठेवलंय.

माझी वही लिहिताना मी हे काही धरलं नव्हतं. लॉगिनच्या उदाहरणात माणसाने टाइप केलेलं नाव उचलून थेट डेटाबेसच्या प्रश्नात चिकटवलं होतं. एका वसईकराने फोन करून सांगितलं की इंग्रजीत त्याचं आडनाव टाकलं की फॉर्म फुटतो. डिसोझा. डी, मग वरचा स्वल्पविराम, मग पुढचं. तो स्वल्पविराम डेटाबेसला 'इथे नाव संपलं' असं वाटायला लावतो, आणि त्यापुढे कुणी वाईट हेतूने हुकूम लिहिला तर डेटाबेस तोही मुकाट पाळतो. पाटील-जाधव-शिंद्यांवर तपासलेल्या प्रोग्रामात हे कधी दिसणार? मी त्याला 'बघतो' म्हटलं. बघितलं नाही. २०१३ मध्ये ५.५ आवृत्तीने जुनी मायएसक्यूएल फंक्शनं सोडा म्हणून बजावलं आणि डिसेंबर २०१५ मध्ये पीएचपी ७ ने ती काढूनच टाकली. मी माझ्या गिऱ्हाइकांच्या साइट रात्री जागून दुरुस्त केल्या. वहीची आठवणही आली नाही. मजेत कुठेतरी फिरत असेल, असं समजून चाललो.

जुनं ते सोनं म्हणतात. आमच्या गावच्या माणसाला विचारा, जुनं सोनं आधी गाळावं लागतं.

संध्याकाळी त्या मुलाला फोन केला. नांदेडकडचा, बी.सी.ए.चं दुसरं वर्ष. आधी माफी मागितली, तो गोंधळलाच. मग म्हटलं, वही मला पाठव, माझ्याकडे नाही. खरंच नव्हती; मूळ फाइल एका मेलेल्या हार्ड डिस्कबरोबर गेली. स्वतःचीच पुस्तिका पंधरा-सोळा वर्षांनी मला फॉरवर्ड होऊन आली, 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेले' अशा दोन बाणांसकट.

उघडली. प्रत्येक पानावर तिरका, राखाडी, कुठल्याशा क्लासचा शिक्का. पाने ३७. पहिलं पान काढून टाकलं होतं. त्यावर माझं नाव होतं आणि खाली, मला आता पक्कं आठवतं, 'ऑक्टोबर २००९, पीएचपी ५.३'. नावाचं काही वाटलं नाही. पण तारीख टाकायची अक्कल मला होती तर! ती एकाच पानावर टाकली, एवढंच चुकलं.

'सर, पण पीएचपी शिकून फायदा आहे का? सगळे म्हणतात मेली,' मुलाने विचारलं. मी त्याला म्हटलं, मराठी विकिपीडिया उघड, २००३ च्या महाराष्ट्र दिनापासून चालू आहे, तो कशावर चालतो ते शोध आणि मग मला सांग. शिवाय आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचा पत्ता दिला. दहा-दहा मिनिटांचे धडे, पडद्यावर इंग्रजी आणि कानात मराठी, उतरवून घ्यायलाही मुभा. माझ्या वेळी ते असतं तर एसटीचं बरंच भाडं वाचलं असतं. मॅन्युअलही दिलीच. 'इंग्रजी जड जातंय सर,' तो म्हणाला. 'नावाखालची बारीक ओळ आधी वाच,' मी म्हटलं, 'ती तर आकड्यांतच आहे.'

गेले दोन महिने वही नव्याने लिहितोय. कनेक्ट, लॉगिन, डिसोझांचा स्वल्पविराम, सगळं. जुन्या मायएसक्यूएल फंक्शनांच्या जागी पीडीओ, ही डेटाबेसशी बोलायची नवी पद्धत, आणि पासवर्ड ओळखू न येईल अशा रूपात साठवायला पासवर्ड-हॅश. प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्ती आणि महिना टाकलाय, पान फाडलं तरी पुढच्यावर असावा म्हणून. पीएचपीची नवी आवृत्ती अलीकडे दरवर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात येते, दिवाळीनंतर भिंतीवरचं कॅलेंडर बदलायच्या सुमारास. तेव्हा एक रविवार बसायचं ठरवलंय. ठरवलंय म्हणजे ठरवलंय, बघू.

कच्ची प्रत त्या मुलाला तपासायला दिली. परवा रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी त्याचा निरोप आला. 'सर, पान २२. अजून एक मायएसक्यूएल कनेक्ट राहिलंय.'